तीस दिवसांचा परवाना

गुंडीला रक्ताचा कॅन्सर आहे हे कळलं, तेव्हा तिच्या आईने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो हा, की मग उपचार कधी सुरू करायचे. डॉक्टर जरा वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. उपचार इथे होणारच नव्हते. लहान मुलांच्या कॅन्सरचा अख्ख्या देशात एक वॉर्ड होता, तो औषधं येईनाशी झाल्यावर बंद पडला होता आणि त्या खोल्यांत आता दातांचे डॉक्टर बसत. त्यांनी एका चिठ्ठीवर शेजारच्या देशातल्या हॉस्पिटलचं नाव लिहून दिलं. म्हणाले, "तिथे या आजाराची बरीच मुलं बरी होतात. पण उशीर करू नका."

उशीर करणं हे गुंडीच्या आईच्या स्वभावातच नव्हतं. चौदा वर्षं त्या शाळांचे गणवेश शिवत होत्या. गाव त्यांना टेलरबाई म्हणायचं, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी एकही गणवेश त्यांच्या टेबलावर पडून राहिलेला कुणी पाहिला नव्हता. मुलीचं 'गुंडी' हे नावही त्या टेबलाखालीच पडलं. रांगत्या वयात तिने शर्टाची एक गुंडी गिळली होती, आणि दोन दिवस सगळं घर त्या गुंडीची वाट बघत बसलं होतं. आता ती सात वर्षांची होती, आणि दंडावर, मांडीवर, जिथे बोट लागेल तिथे तिला निळे डाग पडत होते.

तिकडे जायचा परवाना मुलाबरोबर एकाच माणसाला मिळायचा. कुणी जायचं यावर घरात चर्चा झालीच नाही. गुंडीचे बाबा बस आगारात मेकॅनिक होते. इंजिनाच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा हा माणूस, पण स्वतःच्या बोटातून रक्ताचा थेंब आला तरी भिंत धरून खाली बसायचा. बाईंनी मशीनवर चादर टाकली, अर्धवट गणवेश जावेकडे सोपवले आणि मुलीला घेऊन सीमा ओलांडली.

हॉस्पिटल चांगलं होतं, त्याबद्दल बाईंची कधी तक्रार नव्हती. तिथली भाषा कानावर पडली की समजायची, कागदावर मात्र लिपी वेगळी, तिथे बाई निरक्षर. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर त्यांना एकेक कागद वाचून दाखवत. छातीत बसवलेली औषधाची नळी कशी धुवायची, तोंड कशाने धुवायचं, ताप किती वेळा बघायचा, सगळं बाईंनी दोन दिवसांत शिकून घेतलं. सिस्टरनी एक गोष्ट मात्र चार वेळा बजावली. औषधांनी गुंडीच्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या. शंभर पॉइंट चारच्या वर ताप गेला की तासाभरात इंजेक्शन सुरू झालंच पाहिजे. घरची गोळी द्यायची नाही, सकाळ होऊ दे म्हणायचं नाही.

अडचण होती ती परवान्याची. परवाना तीस दिवसांचा. पहिला उपचार पस्तीस दिवसांचा. मुदत वाढवून घ्यायची तर अर्ज दहा दिवस आधी, म्हणजे विसाव्या दिवसापर्यंत द्यायचा आणि सोबत हॉस्पिटलचं पत्र जोडायचं. हॉस्पिटलच्या पत्रविभागाचा नियम असा, की पंचविसाव्या दिवसाची तपासणी झाल्याशिवाय पत्र द्यायचं नाही. बाईंनी हे गणित बोटांवर मांडून पत्रविभागातल्या कारकुनाला दाखवलं. त्याने ते शांतपणे पाहिलं आणि परवाना कचेरीत जायला सांगितलं. परवाना कचेरीतल्या मॅडमनीही ते शांतपणे पाहिलं आणि पत्र आणायला सांगितलं. बाई दोन बस बदलून पुन्हा पत्रविभागात आल्या. असं चार दिवस चाललं. दोन्ही ठिकाणी कुणी वाकडं बोललं नाही, खुर्चीसुद्धा दिली. बाईंना त्याचीच जास्त चीड आली. कुणी तोंड टाकून बोललं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

शेवटी मार्ग उरला तो एकच. तिसाव्या दिवशी सीमेबाहेर पडायचं, आपल्या बाजूला नवा परवाना घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आत यायचं. डॉक्टरांना हे अजिबात पसंत नव्हतं. सिस्टरनी गुंडीच्या तोंडाला दोन मास्क बांधले, थर्मामीटर बाईंच्या हातात दिला, फोन नंबर लिहून दिला आणि दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

साडेतीन तासांच्या प्रवासात गुंडी मांडीवर झोपून होती. सीमेवरच्या इमारतीत एक लांबलचक हॉल होता. एका टोकाला तिकडच्या देशाची खिडकी, दुसऱ्या टोकाला आपली, आणि आपल्या खिडकीच्या पलीकडे काचेचं दार. काचेतून मेकॅनिक दिसत होते. आगाराचा निळा डगला तसाच अंगात, हातात गुंडीचा जुना स्वेटर. महिन्याने नवऱ्याला पाहून बाईंचा जीव थोडा भांड्यात पडला. तिकडच्या खिडकीवरच्या कारकुनाने कागद बघितले, शिक्का मारला आणि पुढे व्हा म्हणून हात केला.

बाई दहा पावलं चालल्या असतील. खांद्यावरची गुंडी कुडकुडायला लागली. आधी वाटलं, हॉलमध्ये गार आहे. मग बाईंच्या मानेला तिच्या मानेचा चटका बसला. बाकावर बसवून थर्मामीटर लावला. एकशे एक पॉइंट दोन.

त्यांनी तिथूनच सिस्टरना फोन लावला. सिस्टरनी एकही शब्द वाया घालवला नाही. म्हणाल्या, सीमेपासून वीस मिनिटांवर जिल्हा हॉस्पिटल आहे, मी तिथे कळवते, ते इंजेक्शन सुरू करतील आणि तिथून ॲम्ब्युलन्सने इकडे आणतील, तुम्ही फक्त मागे फिरा. आपल्या बाजूचं हॉस्पिटल सहा तासांवर होतं, आणि ते इंजेक्शन तिथे असेल याची खात्री कुणालाच नव्हती. बाईंनी गुंडीला उचललं आणि खिडकीकडे परत आल्या.

कारकून पन्नाशी उलटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस होता. त्याने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग कागद उलटा करून शिक्का दाखवला. परवाना एकाच फेरीचा होता. बाहेर पडल्याचा शिक्का बसला की तो संपला. आता नवा परवाना, आणि तो त्यांच्या देशातून.

"नवा परवाना उद्या मिळणार," बाई म्हणाल्या. "हिच्याजवळ एक तास आहे. त्यातली दहा मिनिटं गेली."

"बाई, मला कळतंय. पण तुम्ही आता इथे नाही आहात."

"मग कुठे आहे मी?"

"कागदावर तुम्ही बाहेर गेलात."

"तुमच्या खिडकीसमोर उभी आहे मी. मुलगी तापाने फणफणलीये. कागद बाजूला ठेवा आणि बघा तिच्याकडे."

त्याने बघितलं. बघून पुन्हा कागदाकडे मान वळवली, आणि साहेब जेवायला गेलेत, तासाभरात येतील, असं हळूच म्हणाला.

तिकडे काचेपलीकडून मेकॅनिकना एवढंच दिसत होतं, की बायको आली, बसली आणि परत गेली. त्यांनी हात हलवला. बाईंनी हाताने सांगितलं, थांबा. त्यांना वाटलं, बोलावते आहे. ते दार ढकलायला लागले आणि आपल्या बाजूच्या शिपायाने त्यांना दंडाला धरून मागे नेलं. बाईंनी तिकडे बघायचं सोडून दिलं.

त्या खिडकीसमोरून हलल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. गुंडीला खांद्यावर घेऊन दोन्ही पाय रोवून उभ्या राहिल्या. त्या हलल्याशिवाय मागच्याचा कागद खिडकीत जाऊ शकत नव्हता. मागची रांग कुरकुरायला लागली. मग रांगेतला पहिला माणूस, एक ट्रकवाला, पुढे वाकून गुंडीच्या कपाळाला हात लावून आला आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "आपल्याला घाई नाही." अख्खा हॉल त्या कारकुनाकडे बघत राहिला.

पाच-सात मिनिटांनी त्याने खालचा खण उघडला. बराच वेळ उचकापाचक करून एक पिवळा छापील फॉर्म काढला. शिक्का रद्द करायची सोय या एकाच फॉर्मात आहे, म्हणाला. स्वतःच तो भरला, कारण लिपी त्याची होती. बाईंनी विचारलं, काय लिहिलंय. तो म्हणाला, शिक्का चुकून बसला असं आहे, इथे सही करा. बाईंनी सही केली. तेव्हा त्यांनी आणखी कशावरही केली असती. त्याने शिक्क्यावर दोन तिरक्या रेघा मारल्या आणि स्वतः बाहेर येऊन टॅक्सी थांबवली.

इंजेक्शन बावन्नाव्या मिनिटाला सुरू झालं. पुढचे सहा दिवस गुंडी जाते की राहते असं होतं. सातव्या दिवशी तिने डोळे उघडून स्वेटर मागितला. तो तिच्या बाबांकडे काचेपलीकडेच राहिला होता. ॲम्ब्युलन्सने आणलेला रोगी म्हणून हॉस्पिटलने तातडीचा मुक्काम मिळवून दिला, आणि उरलेला पहिला उपचार तिथेच पार पडला. तपासणीत रक्तात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, ही फक्त सुरुवात आहे, पण सुरुवात चांगली आहे. आठ दिवस घरी जाऊन या, पुढचा टप्पा सोमवारी.

घरी आल्यावर बाईंनी नव्या परवान्यासाठी अर्ज टाकला. गुरुवारी उत्तर आलं, दोन्ही लिप्यांत. मुलीला परवाना मंजूर. सोबतच्या व्यक्तीला नामंजूर. कारण: अर्जदाराने सीमेवर नियमभंग केल्याची लेखी कबुली दिली आहे; पुढील आदेशापर्यंत प्रवेश बंद.

बाईंना आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं उत्तर आपल्याला आलं. मग त्यांना पिवळा फॉर्म आठवला. शाळेत तिकडची भाषा शिकवणाऱ्या एका मास्तरांकडे त्या धावत गेल्या. मास्तरांनी असे फॉर्म आधीही लोकांना वाचून दिले होते. त्यांनी सांगितलं, शिक्का रद्द होतो तो फक्त नियमभंगाच्या फॉर्मात. 'मी नियम मोडून परत प्रवेश मागितला' हे त्यावर छापलेलंच असतं. कारकुनाने रिकाम्या जागेत मुलीचा ताप, वेळ, सगळं लिहिलं असणार. पण वरच्या कचेरीत कोण वाचतंय.

म्हणजे त्या माणसाने मुलीचा जीव वाचवला होता आणि त्याच फॉर्मने आईला तिच्यापासून तोडलं होतं. त्याला शिव्या द्याव्यात तर जीभ रेटेना. न द्याव्यात तर डोक्यातली तिडीक जाईना. बाई घरी आल्या आणि मेकॅनिकना म्हणाल्या, "तुम्हाला जावं लागेल."

बोटांवरचं काळं ऑइल ते फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "मी गेलो तर तिला आधी धरायचं की मला, असं होईल त्यांचं."

"अहो, विनोद नको."

"विनोद नाही करत मी."

मेकॅनिकच्या नावाचा परवाना दुसऱ्या दिवशी मिळाला. दोन दिवसांत बाईंनी नवऱ्याला महिन्याभराचं शिकवलं. बाहुलीच्या छातीवर नळी चिकटवली आणि ती पंचवीस वेळा धुवून घेतली. गोळ्यांच्या वेळा पुठ्ठ्यावर लिहिल्या. गुंडी बाजूला बसून बाबांच्या चुका मोजत होती. सोमवारी काचेच्या दाराशी बाईंनी दोघांना सोडलं. मागच्या खेपेला त्या आत होत्या आणि काच त्यांच्या पाठीशी; आता काच समोर होती. गुंडी हॉलभर वळून वळून बघत होती, आणि मेकॅनिक प्रत्येक पाटीपुढे थांबून चाचपडत होते. बाईंना ओरडून सांगावंसं वाटत होतं, तो नाही, पुढचा बाक, पुढची खिडकी.

पहिल्याच दिवशी सिस्टरांचा फोन आला. गुंडीचं रक्त घेताना मेकॅनिक आडवे झाले होते. भुवईला दोन टाके पडले. गुंडीने नर्सला सांगितलं, ते असेच आहेत, पाणी मारा.

पुढचे महिने बाई फोनवर जगल्या. त्यांना आकडे हवे असायचे. पांढऱ्या पेशी किती, ताप किती, किती खाल्लं, किती उलटलं. मेकॅनिक म्हणायचे, "बरं आहे." पेशींचं विचारलं तर म्हणायचे, "डॉक्टर हसले." बाई फोन ठेवून मशीनवर इतक्या जोरात पाय मारायच्या की सुया तुटायच्या. कधी गुंडी फोनवर यायची आणि दोन वाक्यं बोलून, बाबा गोष्ट सांगतायत म्हणून निघून जायची. गोष्ट? हा माणूस लग्नाला अकरा वर्षं झाली तरी चार वाक्यांच्या वर सलग बोलला नव्हता.

दर तीस दिवसांनी मात्र नियमाप्रमाणे दोघांना बाहेर यावं लागे. त्या एका दिवसासाठी बाई सगळं काम पुढे-मागे करून सीमेवर जाऊन थांबत. प्रत्येक वेळी पहिलं काम, मुलीच्या मानेला हात लावून बघायचं. मुलीच्या त्या प्रवासाची भीती असायची, आणि तरी त्या दिवसाची वाट त्या महिनाभर पाहायच्या. स्वतःच्या या दुटप्पीपणाचा त्यांना राग यायचा.

दरम्यान त्यांनी बंदी उठवण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, कबुलीच्या मूळ फॉर्मची प्रत जोडा. प्रत सीमेवरच्या तिकडच्या खिडकीत. तिथे पत्र लिहिलं तर उत्तर आलं, प्रत अर्जदाराने स्वतः येऊन घ्यावी. स्वतः जायचं तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर प्रत. मास्तरांनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. मेकॅनिक एकदा येता-जाता त्या खिडकीत विचारून आले. चष्मेवाला कारकून बदलून गेला होता. नव्याने सांगितलं, अर्जदार तुम्ही नाही.

चौथ्या महिन्यात मेकॅनिकनी फोनवर, इकडचं तिकडचं झाल्यावर, सहज सांगितलं की या वेळी आम्हाला बाहेर यावं लागणार नाही. मुदतवाढ मिळाली, तीन महिन्यांची.

बाईंना आधी कळेचना. पत्र? पत्र कसं मिळालं? मेकॅनिक म्हणाले, पत्रविभागातल्या माणसाची स्कूटर चालू होत नव्हती. हॉस्पिटलच्या फाटकाशी लाथा मारत उभा होता बिचारा. प्लग साफ करून दिला, कार्ब्युरेटर खोलून दिला. बोलता बोलता मुलीचं सांगितलं. तो म्हणाला, तपासणी अठराव्या दिवशी लावून घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, पत्र मी देतो. असं करता येतं म्हणे.

"असं करता येतं," बाई म्हणाल्या. "मी त्याच माणसासमोर चार दिवस उभी होते. बोटांवर गणित मांडून दाखवलं त्याला."

"हो, त्याला आठवतंय. तो म्हणाला, त्या बाई खूप बरोबर बोलत होत्या."

बाईंना हसू आलं, रडू आलं, आणि दोन्हींच्या वर संताप आला. गुंडीला आता तापाच्या भीतीत तो प्रवास करावा लागणार नव्हता, ही केवढी मोठी गोष्ट. आणि आता तीन महिने त्यांना मुलगी दिसणार नव्हती. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की बरं झालं, आणि पेशी किती ते विचारलं. मेकॅनिक म्हणाले, "थांब, लिहून ठेवलंय," आणि पहिल्यांदाच आकडा सांगितला.

दहा महिन्यांनी मोठे उपचार संपले. पुढची दीड वर्षं घरी गोळ्या, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, तिकडे. काचेच्या दारातून गुंडी स्वतःच्या पायांनी चालत आली. केस बोटभर उगवले होते, आधीपेक्षा कुरळे. बाईंनी तिला उचललं, तर ती म्हणाली, "आई, नळीच्या बाजूने नको." नळी काढून महिना झाला होता, पण सवय तशीच होती. त्या आठवड्यात बाईंनी गोळी चमच्यात चुरून द्यायला घेतली, तेव्हा गुंडीने चमचा बाजूला केला. बाबा तशी देत नाहीत. बाबा गोळी हातावर ठेवतात आणि दुसरीकडे बघतात. बाईंनी गोळी तिच्या हातावर ठेवली आणि दुसरीकडे बघितलं. ज्या बाईने त्या माणसाला बाहुलीवर नळी धुवायला शिकवलं, तिला आता घरात विचारून विचारून वागावं लागत होतं.

एकदा त्या मेकॅनिकना म्हणाल्यासुद्धा, की माझी मुलगी मला परत मिळाली, पण मधलं वर्ष कुणीतरी कापून घेतलं. मेकॅनिक म्हणाले, "मी सांगतो ना तुला सगळं." आणि खरंच, जेवण झाल्यावर ते रोज थोडं थोडं सांगायला लागले. कुठल्या दिवशी काय झालं, गुंडी काय म्हणाली, शेजारच्या पलंगावरचं मूल गेलं तेव्हा तिने काय विचारलं. बाई ऐकत काजं करत बसत. ऐकून राग कमी व्हायचा नाही. पण तो राग आता दोघांचा होता, एवढा फरक पडला.

तीन महिन्यांनी पहिल्या तपासणीला बापलेक निघाले. काचेच्या दाराशी बाई थर्मामीटर, गोळ्या, पाणी, एकेक आठवून सांगत होत्या. मेकॅनिकनी खिसा थोपटून दाखवला. गुंडी आता सराईत झाली होती. बाबांच्या पुढे पुढे चालत ती बरोबर खिडकीशी जाऊन थांबली आणि टाचा उंच करून स्वतःचा कागद स्वतः आत सरकवला. ती मागे वळून बघेल म्हणून बाई हात वर करून उभ्या होत्या. ती वळली नाही. खिडकीतल्या माणसाशी काहीतरी बोलत होती, त्यांच्या भाषेत.

दोघं पलीकडच्या दारातून दिसेनासे झाल्यावर बाईंनी पिशवीतून बंदी उठवण्याचा पाचवा अर्ज काढला. या खेपेला सिस्टरांचं पत्र जोडलं होतं, मास्तरांनी केलेलं भाषांतर होतं, त्या दिवशीच्या जिल्हा हॉस्पिटलच्या नोंदीची नक्कल होती. अर्ज घेणारी खिडकी इमारतीच्या मागच्या अंगाला होती. तिथे नऊजण आधीच उभे होते, त्यातल्या दोघींच्या कडेवर मास्क लावलेली मुलं. टेलरबाई दहाव्या उभ्या राहिल्या, आणि पुढच्या बाईने वळून विचारलं तेव्हा, या खिडकीला कुठला कागद आधी दाखवायचा ते तिला समजावून सांगू लागल्या.